यांचा बारावा गडी कुठाय? – एनएफएलला एक खुले पत्र

प्रति,
श्री. रॉजर गुडेल, कमिशनर, नॅशनल फुटबॉल लीग;
कॉम्पिटिशन कमिटीचे सर्व सभासद;
आणि ३१ संघांचे मालक (बत्तिसाव्या ग्रीन बेला एक मालक नाही, भागधारक आहेत, त्यांनाही)

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण रागावल्यावर मला दुसरी भाषा सुचत नाही. माझा मुलगा इंग्रजी करून देईन म्हणालाय, पण तो माझं प्रत्येक वाक्य जरा मऊ करतो, म्हणून मूळ प्रत इथे सगळ्यांसमोर ठेवतो. वाचणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-फ्रीमाँटकडचे मराठी लोक असतील, तसे हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, एकदाही न पाहिलेले पुण्या-सांगलीचेही असतील. तेव्हा मधूनमधून मी त्यांच्याशी बोलेन, ते तुम्ही चालवून घ्या.

मी मूळचा सांगलीचा. वीस वर्षं झाली इथे. लीव्हाइज स्टेडियम घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर, म्हणजे आमच्या फोर्टीनाइनर्स संघाचा सामना असला की माझी रविवारची भाजी आणायची वेळ तुम्ही ठरवता. मी फुटबॉलमधला तज्ज्ञ नाही. तिकीट काढून थंडीत बसणारा आणि उरलेले सामने टीव्हीवर बघणारा माणूस आहे. माझी तक्रार तिसऱ्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या राखीव गड्याच्या, नियमाबद्दल आहे. तो तुम्ही २०२३ साली केलात आणि अर्धवट ठेवलात. आता हंगामात अठराव्या सामन्याची भाषा सुरू झाली आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी तो दिवस सांगतो. २९ जानेवारी २०२३. आमच्याकडे दुपारचे बारा. फिलाडेल्फियात ईगल्सविरुद्ध आमचा सामना, जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला. त्या हिवाळ्यात वडील आमच्याकडे आले होते. तरुणपणी ते सांगलीत खो-खो खेळलेले, आता क्रिकेट सोडून काही बघत नाहीत. नातवाच्या आग्रहाखातर सोफ्यावर बसले. स्वयंपाकघरात मटण शिजत होतं.

पहिल्याच चढाईत ब्रॉक पर्डी चेंडू फेकत असताना हासन रेडिकची धडक त्याच्या हातावर बसली आणि कोपराचा अस्थिबंध गेला. नवख्या वाचकांसाठी सांगतो: क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि फेकणं त्याचंच काम. हा पर्डी मुळात आमचा तिसरा गडी. पहिल्या ट्रे लान्सचा घोटा हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात मोडला, दुसऱ्या जिमी गरापलोचं पाऊल डिसेंबरात. पर्डी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडलेला, आणि सुरुवातीपासून खेळवलेला एकही सामना तोवर हरला नव्हता. तो बाहेर गेल्यावर आला जॉश जॉन्सन. वय ३६, एनएफएलचे १४ संघ फिरलेला. आमच्याकडे बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतात, हा चौदा गावचं प्यायलेला. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. तुमच्या नियमानुसार तो परत येऊ शकत नव्हता, आणि तो नियम योग्यच आहे.

मग पर्डी परत मैदानात आला. त्याला फेकता येत नव्हतं. उरलेला सामना आम्ही चेंडू हातातून हातात देत काढला. समोरच्यांना ते कळायला दोन चाली लागल्या. ३१-७ हरलो.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "यांचा बारावा गडी कुठाय रे?"

मी समजावायला लागलो. बाबा, संघात ५३ माणसं असतात, त्यातली ४८ च सामन्याच्या दिवशी खेळू शकतात, उरलेल्यांची नावं ९० मिनिटं आधी द्यावी लागतात. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे त्रेपन्न माणसं पोसतात आणि फेकणारा एकही शिल्लक नाही? आमच्या वेळी खो-खोला बारा जणांचा संघ असायचा. नऊ आत, तीन राखीव. आणि राखीव म्हणजे राखीव, घरी नाही बसायचा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

आता श्रेय द्यायचं ते देतो. त्या सामन्यानंतर चार महिन्यांच्या आत, मे महिन्यात, डेट्रॉइट लायन्सनी ठराव मांडला आणि तुम्ही तो मंजूर केलात. प्रत्येक संघाला एक आणीबाणीचा तिसरा क्वार्टरबॅक नेमता येईल. तो ४८ मध्ये धरायचा नाही, पण गणवेश घालून तयार राहील. आधीचे दोघे दुखापतीनं किंवा पंचांनी बाहेर काढल्यामुळे खेळू शकत नसतील तरच तो उतरेल. पहिल्या वर्षी तो ५३ मधलाच असावा लागे. पुढच्या वर्षी सराव पथकातल्या, म्हणजे ५३ बाहेरच्या, माणसालाही ही जागा खुली केलीत. ही दुरुस्ती चांगली होती, कारण पहिल्या वर्षी संघांना तिसरा क्वार्टरबॅक ठेवायचा तर किक अडवायला धावणारा एखादा पोरगा घरी पाठवावा लागायचा. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या वाक्यापासून सुरू होते. जखमी झालेल्या दोघांपैकी एकाला जरी संघाच्या वैद्यकीय पथकानं खेळायला मोकळं केलं, तर तिसऱ्यानं मैदान सोडायचं.

हे वाक्य २९ जानेवारीच्या सामन्याला लावून बघा. जॉन्सन कन्कशनमुळे बाहेर. पर्डी बाकावर, कोपर सुजलेलं, पण उभा राहता येतं, धावता येतं, चेंडू हातात देता येतो. त्याला "मोकळा" म्हणायचं की नाही? मोकळा म्हटलं तर धडधाकट तिसरा माणूस बाकावर आणि एका हाताचा माणूस मैदानात, म्हणजे नियम असूनही तोच सामना पुन्हा. मोकळा नाही म्हटलं तर डॉक्टरनं एका खेळाडूला त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यातून हाकललं. खेळाडू समोर उभा राहून "मी ठीक आहे" म्हणत असतो, कोच मागे, गॅलरीत ६०-७० हजार माणसं. कोणाला खेळवायचं हा निर्णय कोचचा. तो तुम्ही डॉक्टरच्या गळ्यात बांधलात.

गंमत अशी, की जुन्या नियमात हेच ओझं कोचच्या गळ्यात होतं. १९९१ पासून २०१० च्या हंगामापर्यंत तिसऱ्या क्वार्टरबॅकची वेगळी जागा होतीच. अट एवढीच, की तो चौथ्या क्वार्टरच्या, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशाच्या, आधी उतरला तर पहिले दोघे त्या सामन्यात परत खेळू शकत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये शिकागोत सोल्जर फील्डवर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, वाचकांना सांगतो. बेअर्स विरुद्ध पॅकर्स, पुन्हा सुपर बोलच्या दारातला सामना. बेअर्सचा क्वार्टरबॅक जे कटलर, त्याचा गुडघा गेला. टॉड कॉलिन्स आला, त्याचा एकही पास पूर्ण झाला नाही. तिसऱ्या क्वार्टरचं शेवटचं मिनिट उरलं असताना कोचनं तिसऱ्या, केलब हेनीला पाठवलं. एक मिनिट थांबले असते तर दोघांचेही दरवाजे उघडे राहिले असते. संघ मागे आहे, आक्रमण ठप्प आहे, आणि कोचला खेळ बघायचा की घड्याळ, असा प्रश्न. हेनीनं सामना जवळ आणला, १४-२१ हरले. आणि कटलरला लोकांनी घाबरट ठरवलं. त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता हे नंतर कळलं.

त्यानंतर तुम्ही काय केलंत? अट काढायच्या ऐवजी जागाच काढलीत. २०११ पासून ४५ अधिक एक असं न ठेवता सरळ ४६ माणसं (४८ पुढे झाली), ज्याला जे हवं ते घ्यावं. प्रत्येक कोचनं अपेक्षेप्रमाणे सेहेचाळिसावा माणूस म्हणून कोणीही घेतलं, तिसरा क्वार्टरबॅक सोडून. त्यांचं चुकलं नाही. किक अडवणारा माणूस दर रविवारी वीस वेळा उपयोगी पडतो, तिसरा क्वार्टरबॅक दहा वर्षांत एकदा. प्रत्येक संघाचा हिशोब बरोबर, पण असे बत्तीस हिशोब जमले की पर्डीसारखा रविवार कधीतरी येणारच. असा हिशोब संघांवर सोडायचा नसतो, म्हणून तर लीग असते. मी डेटा सेंटरमध्ये काम करतो. आमच्याकडे तिसरी प्रत ठेवायची की नाही हे कोणत्याही टीमला विचारत नाहीत, कारण विचारलं तर सगळेच "जागा नाही" म्हणतील.

दुसरी तक्रार डॉक्टरांचीच, पण वेगळ्या बाजूनं. २०२२ साली मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याच्या डोक्याच्या इजेच्या प्रकरणानंतर तुम्ही कन्कशनचे नियम कडक केलेत. खेळाडू नुसता अडखळताना दिसला तरी बाहेर. दुसऱ्याच दिवशी मायामीचा टेडी ब्रिजवॉटर पहिल्या चालीनंतर बाहेर काढला गेला, कारण वर बसलेल्या निरीक्षकाला तो अडखळल्यासारखा वाटला. टुआ आधीच घरी. ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला नवखा स्कायलर थॉम्पसन उरलेला सबंध सामना खेळला, संघ ४०-१७ हरला. मी त्या निरीक्षकाच्या बाजूनं आहे. डोक्याच्या बाबतीत संशय आला तरी पुरे. पण ज्या दिवशी तुम्ही खेळाडू बाहेर काढणं सोपं केलंत, त्याच दिवशी आत पाठवायला माणूस ठेवणंही तुमचीच जबाबदारी झाली. त्याला सात महिने आणि एक पर्डी लागला.

आणि डोक्यासाठी तुम्ही संघाबाहेरचा तटस्थ तज्ज्ञ डॉक्टर ठेवता. कोपर, गुडघा, खांदा यांच्यासाठी मात्र संघाचाच डॉक्टर निर्णय देतो. तिसरा क्वार्टरबॅक आत राहणार की बाहेर हे ज्याच्या शब्दावर ठरतं, त्याचा पगार संघ देतो. मी कोणत्याही डॉक्टरवर आरोप करत नाही. पण अशा जागी माणूस ठेवायचाच कशाला?

तुमची भीती मला कळते. जागा मोकळी दिली की संघ तिचा गैरफायदा घेतील, तिसऱ्याच्या नावाखाली एखादा वेगवान खेळाडू घुसवतील. भीती खोटी नाही. क्रिकेटमध्ये आम्ही हे बघितलंय, तेही पुण्यात. ३१ जानेवारी २०२५, गहुंजे, इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी. फलंदाजी करताना शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला, आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. दुबे फलंदाज, कधीमधी मध्यमगती टाकणारा. राणा अस्सल वेगवान गोलंदाज. त्यानं तीन बळी घेतले, आपण १५ धावांनी जिंकलो. इंग्लंडचा कर्णधार बटलर चिडला. वडील भारताचे कट्टर, पण त्या रात्री फोनवर म्हणाले, "हे काही सारख्याला सारखं नव्हे."

पण तुमच्या खेळात ही अडचण तुम्ही आधीच सोडवली आहे. तिसऱ्यानं दुसऱ्या कोणत्याही जागेवर खेळायचं नाही, हे नियमातच लिहिलंय. क्वार्टरबॅकच्या जागी क्वार्टरबॅकच. आणि क्रिकेटमध्येही परवानगी शेवटी सामनाधिकारी देतो, संघाचा डॉक्टर नव्हे. गहुंजेत त्याचा निर्णय चुकला असं म्हणता येईल, पण निदान कोणाला बोल लावायचा ते माहीत होतं.

मग वरची हकालपट्टीची अट उरते कशासाठी? मी शोधलं, विचारलं, फुटबॉल कळणाऱ्या मित्रांशी जेवणावर भांडलो. कोणाला पटेल असं कारण सापडलं नाही.

एक छोटी तक्रार, पण मनाला लागलेली. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक कोविडमुळे एका झटक्यात बाद झाले. एकाला लागण, बाकीचे मास्क न लावता त्याच्या जवळ बसलेले. त्यांची चूक होती, मान्य. त्यांनी विचारलं, क्वार्टरबॅक खेळलेला आमचा एक सहायक प्रशिक्षक आहे, त्याला उतरवू का? तुम्ही नाही म्हणालात. सामना पुढे ढकला म्हटलं, तेही नाही. त्याच आठवड्यात बाल्टिमोर-पिट्सबर्ग सामना गुरुवारवरून हलत हलत बुधवारपर्यंत गेला. डेन्व्हरकडून सराव पथकातला केंडल हिंटन खेळला. तो पास झेलणारा खेळाडू, कॉलेजात कधीकाळी क्वार्टरबॅक होता एवढंच. नऊ पास, त्यातला एक पूर्ण, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या हातात. ३१-३. त्यानं मनगटावर बांधलेला चालींचा पट्टा नंतर कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या संग्रहालयात, गेला.

तिथे अशाच प्रसंगातला एक जुना पट्टाही आहे. १९६५ च्या डिसेंबरातला, टॉम मॅटीचा. बाल्टिमोरचे दोन्ही क्वार्टरबॅक, जॉनी युनायटस आणि गॅरी क्वोझो, जखमी. मॅटी हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. मनगटावर चाली लिहून त्यानं ग्रीन बेशी अतिरिक्त वेळेपर्यंत झुंज दिली, १३-१० नं हरला. त्या सामन्यात ग्रीन बेचा एक फील्ड गोल खांबांच्या आतून गेला की बाहेरून यावर वाद झाला. पुढच्या वर्षी तुम्ही खांब उंच केलेत. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "खांब वाढवले, गडी नाही वाढवला."

कँटनला जाल तेव्हा त्या दोन पट्ट्यांसमोर जरा थांबा. दोन्हींत ५५ वर्षांचं अंतर आहे. तुम्ही त्यांच्याकडे शौर्याच्या खुणा म्हणून बघता. मॅटी आणि हिंटन शूर होतेच. पण माझ्या मते ते दोन पट्टे लीगच्या व्यवस्थेतल्या चुकीची पावती आहेत, आणि चुकीची पावती कोणी काचेच्या कपाटात ठेवत नाही.

आता अठरावा सामना. २०२१ मध्ये सोळाचे सतरा केलेत. आता अठरा करायचं म्हणता. त्याच्या बाजूनं बोलणारे प्रेक्षकांचं नाव घेतात, म्हणून एक प्रेक्षक म्हणून सांगतो: मला अठरावा सामना नको असं नाही. पण जास्त सामने म्हणजे जास्त धडका. क्वार्टरबॅकला बसणारी प्रत्येक जादा धडक आधी त्याच्या शरीराला लागते, मग कोचच्या त्या दिवशीच्या हिशोबाला. पूर्ण हंगामाचा विचार करून कोच कोणाला तरी घाईनं परत आणतो, कोणाला अर्धवट बरं असताना खेळवतो. हे असं व्हावं असं कोणालाच वाटत नाही. पण माणसं कमी पडली की हेच होतं.

तेव्हा मागण्या. मुलानं सांगितलं की त्या स्पष्ट आणि मोजक्या लिहा, नाहीतर कोणी वाचणार नाही.

१. सामन्याच्या दिवशी क्वार्टरबॅकसाठी एकोणपन्नासावी जागा कायमची द्या. तिच्यावर फक्त क्वार्टरबॅक, फक्त त्याच जागी खेळण्यासाठी. दोघे जखमी व्हायची वाट बघायची गरज नाही. कोचला वाटेल तेव्हा त्यानं उतरवावा.

२. ते लगेच जमत नसेल तर निदान हकालपट्टीची अट काढा. तिसरा एकदा आत आला की कोण खेळणार हे कोच ठरवेल. जखमी खेळाडू परत आला म्हणून धडधाकट माणसानं बाहेर जायचं कारण नाही.

३. तीही अट ठेवायचीच असेल तर "हा क्वार्टरबॅक खेळू शकतो" हे सांगणारा डॉक्टर डोक्यासाठी ठेवता तसाच संघाबाहेरचा असावा. कोपरासाठी, गुडघ्यासाठी, सगळ्यासाठी. आणि तो निर्णय सामना चालू असतानाच जाहीर व्हावा, म्हणजे पुढच्या कटलरला लोक घाबरट म्हणणार नाहीत.

४. वरचं काहीच न करता अठरावा सामना मतदानाला आणू नका.

नियम बदलायला ३२ पैकी २४ मतं लागतात, हे मला माहीत आहे. दर मार्चला तुम्ही सगळे एका हॉटेलात जमता. या ठरावाला कोणाचा पैसा फारसा जात नाही आणि कोणाला फारसा मिळत नाही. म्हणूनच तो मागे पडतो, असा मला संशय आहे. तसं असेल तर तसं सांगा, मी निदान वाट बघायचं थांबवेन.

पर्डीच्या कोपरावर मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या हंगामात तो परत आला, आणि आम्ही सुपर बोललाही गेलो. तिथे काय झालं तो विषय माझ्या घरात बंद आहे. त्या वर्षी आमच्याकडे तीन क्वार्टरबॅक होते: पर्डी, सॅम डार्नल्ड आणि ब्रँडन ॲलन.

वडील आता सांगलीत आहेत. इथले दुपारी बाराचे सामने हिवाळ्यात तिथे रात्री दीड वाजता सुरू होतात. ते जागत नाहीत, वय झालंय. सकाळी चहा घेताना मला फोन करतात. निकाल विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "तिसरा होता का रे तयार?"

मी म्हणतो, "होता, बाबा. पण अट आहे."

आपला,
सनीव्हेलचा एक सांगलीकर